गाडी कुठे तापते, त्यावर पंखा ठरतो

[दृश्य: सिग्नलला थांबलेली गाडी. डॅशबोर्डवर तापमानाचा काटा मधल्या खुणेच्या वर सरकतोय.]

निवेदन:
गाडी उभी आहे, इंजिन सुरू आहे आणि काटा वर चढतोय. सिग्नल सुटतो, गाडी वेग घेते आणि थोड्याच वेळात काटा पुन्हा खाली येतो. असं होत असेल तर पहिला संशय पंख्यावर घ्यावा. याच्या उलट, मोकळ्या रस्त्यावर भरधाव जाताना गाडी तापत असेल तर नवा पंखा बसवून काहीही साधणार नाही. ताशी ५०-६० किलोमीटरच्या पुढे समोरून येणारा वाराच रेडिएटरला, म्हणजे इंजिनातला कूलंट (उष्णता वाहून नेणारा द्रव) गार करणाऱ्या जाळीला, पुरतो. तिथे तुंबलेला रेडिएटर, अडकलेला थर्मोस्टॅट (इंजिन गरम झाल्यावर कूलंटची वाट उघडणारी झडप), वॉटर पंप किंवा हेड गॅस्केट (इंजिनाच्या वरच्या आणि खालच्या भागामधलं सील) तपासायचं. पंख्यावर खर्च करण्याआधी एवढा फरक ओळखता आला, तरी निम्मं काम झालं.

[दृश्य: उघडलेलं बोनेट. रेडिएटर, त्यामागे पंखा, त्यामागे इंजिन.]

निवेदन:
इंजिनात जळणाऱ्या इंधनातली साधारण एक तृतीयांश ऊर्जा उष्णता होऊन कूलंटमध्ये उतरते. ती रेडिएटरमधून हवेत सोडायची असते. गाडी पळत असते तेव्हा हवा आपोआप मिळते. थांबली किंवा रांगायला लागली की हवा ओढून आणावी लागते. पंख्याचं काम एवढंच. तो फिरवायचा कशानं, इंजिनाच्या ताकदीवर की विजेवर, हा आपला प्रश्न.

[दृश्य: फॅन क्लच, अगदी जवळून. पुढच्या तोंडावर गुंडाळलेली धातूची पट्टी.]

निवेदन:
हा व्हिस्कस फॅन क्लच, म्हणजे इंजिनाची फिरकी दाट तेलातून पंख्याला देणारा जोड. मधोमध जी गुंडाळलेली पट्टी दिसते, ती एकमेकांना चिकटवलेल्या दोन धातूंची स्प्रिंग आहे. रेडिएटरमधून आलेली गरम हवा तिच्यावर आदळते, तशी ती पिळली जाते आणि आतली झडप उघडते. मागच्या कप्प्यातलं सिलिकॉन तेल बारीक खाचांच्या दोन भागांमध्ये शिरतं. हे दोन भाग एकमेकांना टेकतच नाहीत. मधाइतकं दाट असलेलं ते तेलच एकाची फिरकी दुसऱ्याला देतं आणि पंखा जोर धरतो. हवा गार झाली की झडप मिटते, तेल कप्प्यात परततं आणि पंख्याचा वेग उतरतो. ना वायर, ना सेन्सर, ना रिले. मला या रचनेचं मनापासून कौतुक वाटतं.

रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू केली की मिनिटभर पंख्याचा मोठा घोंगावणारा आवाज येतो. बरेच जण घाबरतात. पण बंद गाडीत ते तेल खाचांमध्ये उतरून बसलेलं असतं, ते कप्प्यात परत जाईपर्यंत हा आवाज राहणारच. आवाज थांबलाच नाही तर मात्र क्लच जाम झाला असं समजावं.

[दृश्य: बंद, थंड इंजिन. हात पंख्याचं पातं हळूच फिरवतोय.]

निवेदन:
क्लच तपासायचा तो इंजिन पूर्ण बंद आणि थंड असताना, किल्ली काढून. पातं हातानं फिरवून सोडा. थोडा विरोध जाणवला पाहिजे आणि पंखा लगेच थांबला पाहिजे. मोकळा गरागरा फिरत राहिला तर तेल गेलंय. क्लचच्या तोंडावर मधून बाहेर पसरलेले, धूळ धरलेले तेलकट ओघळ दिसले, तर तेही त्याचंच लक्षण. पातं पुढे-मागे डुगडुगत असेल तर बेअरिंग संपलंय आणि गाडी तशी चालवू नये. सुटलेला पंखा थेट रेडिएटरमध्ये घुसतो.

क्लचच्या पंख्याची खरी अडचण म्हणजे त्याचा वेग इंजिनाशी बांधलेला असतो. चढणीवर ओझं ओढताना इंजिन जोरात फिरतं, तेव्हा तो भरपूर हवा ओढतो. ट्रॅफिकमध्ये इंजिन मंदावतं, आणि नेमकी गरज असताना तोही मंदावतो. शिवाय झडप मिटून मंदावलेला असतानाही तो थोडी ताकद खातच राहतो.

[दृश्य: आडवं बसवलेलं इंजिन. रेडिएटरला चिकटलेला विजेचा पंखा.]

निवेदन:
पुढच्या चाकांवर चालणाऱ्या बहुतेक गाड्यांमध्ये निवड करायचा प्रश्नच येत नाही. इंजिन आडवं असतं, त्यामुळे त्याचा शाफ्ट रेडिएटरकडे तोंड करून नसतो. १९५९ च्या मिनी या छोट्या ब्रिटिश गाडीत इंजिन आडवं होतं, पण रेडिएटरही बाजूला नेऊन ठेवला होता, म्हणून बेल्टवरचा पंखा चालून गेला. रेडिएटर समोर आणि इंजिन आडवं म्हटलं की विजेचा पंखाच सोयीचा.

गाडी उभी असतानाही तो पूर्ण जोरानं फिरतो. एसी लावला की कंडेन्सरसाठी (एसीची उष्णता बाहेर सोडणाऱ्या जाळीसाठी) सुरू होतो. नको तेव्हा बंद राहतो. खोल पाण्यातून गाडी काढायची असेल तर स्विच लावून तो बंद ठेवता येतो. पाणी कापताना पाती वाकून रेडिएटरला लागण्याची भीती त्यामुळे कमी होते.

पण ‘विजेचा पंखा म्हणजे फुकटची ताकद’ ही समजूत सोडून द्यावी. २५ अँपिअर घेणारा पंखा साडेतेरा व्होल्टला जवळपास ३४० वॉट खातो. ही वीज अल्टरनेटर बनवतो, त्यात वाया जाणारा भाग धरला तर इंजिनावर त्याहून जास्त भार येतो. बचत होते ती पंखा बराच वेळ बंद असतो म्हणून. आणखी एक हिशेब लक्षात ठेवावा: पंख्याचा वेग दुप्पट केला तर हवा दुप्पट मिळते, पण ताकद आठपट लागते. म्हणून छोट्या मोटरीचा पंखा मोठ्या इंजिनाला चढणीवर पुरा पडत नाही.

माझं मत स्पष्ट आहे. ट्रेलर ओढणारी, ओझं घेऊन सतत चढणी चढणारी गाडी असेल तर चांगल्या स्थितीतला क्लच काढू नका. बिघडला असेल तर तसाच नवा बसवा. गाडी बहुतेक वेळ गर्दीतच रांगत असेल आणि क्लचचा पंखा नीट असूनही काटा चढत असेल, तर विजेच्या पंख्याचा विचार जरूर करावा.

[दृश्य: रेडिएटर पूर्ण झाकणारा श्राऊड. रिले, फ्यूज, जाड वायर.]

निवेदन:
बदल करायचाच असेल तर श्राऊड, म्हणजे पंख्याभोवतीचं रेडिएटर झाकणारं आवरण, टाळू नका. श्राऊड नसेल तर पंखा समोरच्या वर्तुळापुरतीच हवा ओढतो आणि कोपऱ्यांना हवा मिळत नाही. मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीपेक्षा कितीतरी जास्त करंट घेते, म्हणून रिले (मोठा करंट चालू-बंद करणारा विजेचा स्विच), योग्य फ्यूज आणि जाड वायर लागते. अल्टरनेटरला हा भार पेलेल का, हे आधी पाहा. काम करताना बॅटरीची वायर काढून ठेवा. गाडी बंद असली तरी हा पंखा अचानक सुरू होऊ शकतो आणि बोटं जातात.

शेवटी थर्मोस्विच, म्हणजे तापमानानुसार पंखा चालू-बंद करणारा स्विच. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या कूलंटवर तो बसवणार असाल तर पंखा बंद होण्याचं तापमान थर्मोस्टॅट उघडण्याच्या तापमानाच्या वर हवं. थर्मोस्टॅट ८८ अंशांना उघडतो आणि पंखा ८५ अंशांना बंद होणार असं ठरवलं, तर इंजिन एकदा गरम झाल्यावर तो थांबणारच नाही.