वहीतली साखर

अध्यक्षांनी माझी ओळख 'मोबाइलवाल्या डॉक्टरीणबाई' अशी करून दिली. माझा मुलगा इथे असता तर लोळून हसला असता. असो. विषय गरोदरपणातला मधुमेह. बाळाला पोसणाऱ्या वारेतल्या हार्मोन्समुळे गरोदरपणात इन्सुलिनचा जोर कमी पडतो. आईची वाढलेली साखर बाळापर्यंत पोचते, तिचं इन्सुलिन मात्र पोचत नाही. मग बाळ स्वतःचं इन्सुलिन वाढवतं आणि अंगानं भरत जातं. कोपनहेगनच्या योर्गन पेडरसन यांनी हे 1950च्या दशकातच मांडलं होतं. तुम्हाला ते ठाऊक आहे, म्हणून मी थेट माझ्या लाडक्या तक्रारीवर येते. वही!

रोज चारदा बोट टोचायचं, आकडा वहीत लिहायचा आणि पुढच्या भेटीत दाखवायचा. मी आकड्यांआधी पान बघते. एकच पेन, एकच वळण, रक्ताचा ठिपका नाही की खाडाखोड नाही. आकडे 90, 95, 110, 115. म्हणजे साखर पाचाच्या पाढ्यात चालते! (हशा) बाहेरच्या बाकावर बसून भरलेली वही लगेच ओळखू येते. एकीनं तर उद्याचाही आकडा लिहून ठेवला होता, आणि तो फार छान होता. (मोठा हशा)

यात फक्त गरोदर बायकाच आहेत असं समजू नका. 1984 साली अमेरिकेत संशोधकांनी मधुमेहींना आकडे साठवणारे मीटर दिले, पण ते आकडे साठवतात हे सांगितलं नाही. नंतर वही ताडून पाहिली, तर कधीच न केलेल्या तपासण्या वहीत होत्या आणि चढलेले आकडे गळाले होते. माणसं खोटारडी म्हणून? मुळीच नाही. 160 लिहिलं की घरच्यांच्या देखत "काय खाल्लंत?" ऐकावं लागतं, म्हणून. मी उमेदवारी केली तिथले एक वरिष्ठ अशा आकड्याभोवती लाल पेनानं गोल काढायचे. दुसऱ्या भेटीत गोल काढायला काही उरायचंच नाही, आणि साहेब खूश!

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. बरं, मोबाइल.

मीटरमधला आकडा ब्लूटूथनं फोनवरच्या ॲपमध्ये आणि तिथून आमच्याकडे येतो. पण हा पहारा आहे असं वाटलं तर बाई बोट टोचायचंच सोडेल. आकडा गेला की लवकर माणसाचं उत्तर यावं, आणि त्यात ओरडा नसावा. ऑक्सफर्डला सुमारे 200 गर्भवतींवर अशी चाचणी झाली. 2018 साली निष्कर्ष आले: साखरेत ठळक फरक नाही, पण सिझेरियन कमी आणि बायका जास्त समाधानी. लहान चाचणी आहे, फार नाचू नका.

आता भराभर. उपाशीपोटी 95च्या खाली, जेवणानंतर तासानं 140च्या किंवा दोन तासांनी 120च्या खाली. आधी हात धुवा, बोटाला फळाचा रस असला तरी आकडा चढतो. उपाशीपोटीची साखर जेवण सांभाळूनही वर राहिली तर बहुधा इन्सुलिन लागतं, आणि त्याची मात्रा फोनवरून ठरवता येते. सोनोग्राफी फोनवर होत नाही. बाळाची हालचाल कमी वाटली तर मेसेज टाइप करत बसू नका, दवाखाना गाठा.

आणि ही ॲप्स बाळंतपणाबरोबर गप्प होतात, ते मला मुळीच पटत नाही. या बायकांना पुढे टाइप 2 मधुमेहाचा धोका इतरांच्या कितीतरी पट असतो. बाळंतपणानंतर 4 ते 12 आठवड्यांत 75 ग्रॅम ग्लुकोज पिऊन तपासणी करायची असते आणि पुढेही दर एक ते तीन वर्षांनी साखर बघायची असते. बाळाच्या धावपळीत पहिलीच तपासणी राहून जाते. फोन तिच्या हातातच असतो. आठवण तिथे पाठवा, आणि उत्तर आलं नाही तर फोन करा.