इंग्रजीच्या घरातले पाहुणे शब्द

नमस्कार श्रोतेहो.

इंग्लंडमध्ये पहिला छापखाना काढणारे विल्यम कॅक्स्टन यांनी १४९० साली एका भाषांतराच्या प्रस्तावनेत एक प्रसंग सांगितला आहे. थेम्स नदीतून जहाजाने निघालेले काही व्यापारी वारा पडल्यामुळे किनाऱ्यावर अडकून पडले. त्यांच्यापैकी एकाने जवळच्या घरी जाऊन खायला मागितले आणि अंडी मिळतील का, असे विचारले. शब्द वापरला ‘एग्ज’. घरधनीण म्हणाली, “मला फ्रेंच येत नाही.” गृहस्थ संतापले, कारण फ्रेंच त्यांनाही येत नव्हते. अखेर दुसऱ्या कोणीतरी सांगितले की यांना ‘आयरेन’ हवी आहेत, तेव्हा कुठे त्या बाईंना उलगडा झाला.

दोघेही इंग्रजीच बोलत होते. ‘आयरेन’ हा त्या भाषेचा घरचा शब्द होता. ‘एग’ मात्र स्कँडिनेव्हियातून येऊन नवव्या शतकापासून इंग्लंडच्या उत्तर आणि पूर्व भागांत वस्ती केलेल्या लोकांचा. पुढे पाहुणा शब्द घरात राहिला आणि घरचा शब्द नाहीसा झाला.

मला या गोष्टीचे मोल फार वाटते. भाषा परके शब्द घेते ते विद्वानांच्या सभेत ठरवून, असा आपला समज असतो. पण इथे शब्द शेजारामुळे आला. त्या वस्तीतल्या लोकांनी लुटालूट केली, तशी शेतीही केली, सोयरिकीही जुळवल्या. म्हणूनच ‘दे’, म्हणजे ‘ते’ हे अनेकवचनी सर्वनामसुद्धा इंग्रजीने त्यांच्याकडून घेतले. वस्तूंची नावे कोणतीही भाषा सहज उचलते, सर्वनाम मात्र क्वचितच उचलते. परंतु जुन्या इंग्रजीत ‘तो’ आणि ‘ते’ यांचे उच्चार इतके जवळ आले होते की शेजाऱ्यांचा स्पष्ट शब्द सोयीचा ठरला. ‘विंडो’ हा शब्दही त्यांचाच. त्याचा मूळ अर्थ ‘वाऱ्याचा डोळा’. आपल्या ‘गवाक्ष’ या शब्दात गाईचा डोळा आहे, हे इथे आठवल्याशिवाय राहत नाही.

१०६६ साली फ्रान्समधल्या नॉर्मंडी या प्रांताच्या विल्यमने इंग्लंड जिंकले आणि दरबार व न्यायालये यांच्या कारभारात फ्रेंच शिरली. जज, ज्युरी, पार्लमेंट हे शब्द त्या वाटेने आले. न्यायालयात सामान्य माणसाला आपल्याच खटल्याची भाषा कळेना, म्हणून १३६२ साली खटले इंग्रजीत चालवावेत असा कायदा झाला; तो कायदा लिहिला गेला मात्र फ्रेंचमध्येच. मृत्युपत्राला इंग्रजीत आजही ‘विल अँड टेस्टामेंट’ म्हणतात. त्यातला पहिला शब्द घरचा आणि दुसरा लॅटिनमधून आलेला, अर्थ जवळजवळ एकच. मराठी श्रोत्यांना यात नवल वाटू नये. आपल्या ‘कागदपत्र’ या शब्दात फारसीतून आलेला कागद आणि संस्कृत पत्र असेच शेजारी बसले आहेत, आणि ‘धनदौलत’ हीसुद्धा त्याच घडणीची जोडी आहे.

पुढे जहाजे दूरवर जाऊ लागली आणि शब्द मालाबरोबर उतरू लागले. शब्दाचे रूप ठरते ते माल कोणाच्या हातून आला यावरून. चीनच्या फूजियान किनाऱ्यावर ज्याला ‘ते’ म्हणत, ते पेय डच व्यापाऱ्यांनी युरोपात नेले, म्हणून इंग्रजीत ‘टी’ झाला. आपला ‘चहा’ निघाला तो ‘चा’ या दुसऱ्या चिनी उच्चारातून. कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांच्या भाषेत रताळ्याला ‘बटाटा’ म्हणत. स्पॅनिश लोकांच्या तोंडून तो शब्द इंग्रजीत ‘पोटॅटो’ झाला आणि पोर्तुगीजांबरोबर आपल्या किनाऱ्यावर ‘बटाटा’ म्हणूनच उतरला. आपल्या भाजीच्या टोपलीतला बटाटा आणि इंग्रजांचा पोटॅटो ही एकाच घरातली भावंडे आहेत.

भारतातून गेलेल्या शब्दांचा विचार करताना आपण सगळे श्रेय इंग्रजी राजवटीला देतो, ते बरोबर नाही. ‘शुगर’ हा शब्द संस्कृत ‘शर्करा’पासून निघाला आणि फारसी, अरबी, इटालियन, फ्रेंच असे मुक्काम करत, ईस्ट इंडिया कंपनी जन्माला येण्याच्या कितीतरी आधी इंग्लंडला पोहोचला. ‘ऑरेंज’चेही तसेच; आपले ‘नारिंग’ त्याच्या नात्यातले आहे.

मराठीतून गेलेला एक शब्द मात्र मला विशेष जिव्हाळ्याचा वाटतो. ‘मंगूस’ या इंग्रजी शब्दाचे मूळ म्हणून शब्दकोश आपल्या ‘मुंगूस’ या शब्दाकडे बोट दाखवतात. कन्नड आणि तेलुगूतही त्याची जवळची रूपे आहेत. सतराव्या शतकाच्या अखेरीस तो इंग्रजी लिखाणात दिसू लागला. इंग्रजांच्या कानाला त्याच्या शेवटी हंसासारखा त्यांचा ओळखीचा पक्षी, ‘गूस’, ऐकू आला आणि लेखनही त्याच पक्ष्याच्या नावासारखे झाले. तरीही गूसचे अनेकवचन ‘गीस’ होत असताना मंगूसचे प्रमाण अनेकवचन ‘मंगूसेस’ असेच राहिले. इंग्रजी शाळेतली मुले तिथे आजही अडखळतात, कारण त्या नियमात न बसणारा तो प्राणी आपल्या बांधावरून तिकडे गेलेला आहे.