चिरा किती पाणी पितो?

श्रोतेहो, नमस्कार.

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, होऊन पंधरवडा झाला. घरोघरच्या माटोळ्या, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेल्या फळापानांच्या चौकटी, उतरल्या, शाळा पुन्हा सुरू झाल्या. आता कुठल्याही संध्याकाळी तुमचं दुसरी-तिसरीतलं पोर दप्तर टाकता टाकता सांगेल, "आई, बाईंनी विज्ञान प्रदर्शनासाठी प्रकल्प आणायला सांगितलाय. उद्या." हे 'उद्या' ठरलेलंच. मग रात्री नऊ वाजता बाबा थर्माकोल शोधायला बाहेर पडतात.

मी गोव्यातल्या सत्तरी आणि डिचोली तालुक्यांतल्या मराठी प्राथमिक शाळांत ३१ वर्षं शिकवलं. प्रदर्शनं भरवली, परीक्षक म्हणूनही फिरले. थर्माकोलचे ज्वालामुखी किती पाहिले, त्याचा हिशेब नाही. आत खायचा सोडा, वरून व्हिनेगर, की लाल फेस बाहेर. एकदा एका मुलाला विचारलं, "हा फेस कशामुळे झाला रे?" मुलगा प्रामाणिक होता. म्हणाला, "ते बाबांना माहीत आहे. बाहेर स्कूटरवर बसलेत, बोलावू?"

त्याच रांगेच्या टोकाला एक मुलगी उभी होती. तिच्यासमोर चिऱ्याचा, म्हणजे बांधकामाच्या जांभ्या दगडाचा, एक तुकडा, पाण्याचं भांडं आणि एक वही. बस्स. तिच्यापाशी फारसं कुणी थांबत नव्हतं. मी थांबले, कारण तिच्या वहीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं : 'चिरा किती पाणी पितो?'

गोव्यातल्या मुलाला चिरा दाखवावा लागत नाही. घराची भिंत चिऱ्याची, विहिरीचा कठडा चिऱ्याचा, कुंपणही चिऱ्याचंच. पण तो पाणी पितो, हे किती जणांनी तपासून पाहिलंय? कृती अगदी सोपी. मुठीएवढा तुकडा दोन-तीन दिवस उन्हात वाळवायचा. ऊन नसेल तर चुलीजवळ ठेवायचा. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून लिहून ठेवायचं. मग रात्रभर पाण्यात बुडवायचा. पाण्यात टाकल्याबरोबर त्याच्या छिद्रांतून बुडबुडे निघतात, तेव्हा मुलाला तिथून उठवू नका. आतली हवा बाहेर येतेय आणि तिच्या जागी पाणी शिरतंय, हे त्याला न सांगताच कळतं. सकाळी तुकडा बाहेर काढून वरचं पाणी फडक्यानं टिपायचं आणि पुन्हा वजन करायचं. त्या मुलीचा ५०० ग्रॅमचा तुकडा सकाळी ५५५ ग्रॅम भरला होता. शेजारी तिनं रस्त्याच्या खडीतला काळा दगड ठेवला होता. त्याचा काटा जेमतेम हलला होता. कौलाचा तुकडा दोघांच्या मध्ये.

एवढ्यावर थांबलं तरी छान. पण मूल चौथीतलं असेल तर पुढचा प्रश्न विचारा : सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाट खडकाळ पठारावर, जून ते सप्टेंबर धो-धो पाऊस पडतो, मग ते पाणी जातं कुठे? आपले सडे याच जांभ्या दगडाचे. बरंचसं पाणी उतारावरून ओहोळात जातं, पण काही दगडात मुरतं आणि सड्याच्या कडेला खाली झर होऊन बाहेर येतं. केसरवाळची झर ज्यांनी पाहिली असेल त्यांना हे पटकन समजेल. या दगडाला लॅटेराइट हे नाव १८०७ मध्ये फ्रान्सिस बुकानन यांनी दिलं, केरळातला दगड पाहून. लॅटिनमध्ये 'लेटर' म्हणजे वीट. खाणीतून काढताना हा दगड इतका मऊ असतो की विटेसारखा कापता येतो, आणि उघड्या हवेत राहिला की कडक होतो. आमच्या चिरेखाणीवरच्या कामगारांना हे पुस्तक न वाचता ठाऊक असतं. मुलाला सुरक्षित अंतरावरून एकदा खाण दाखवा, आणि तिथल्या माणसाशी मुलालाच बोलू द्या.

आता माटोळी. आपण दरवर्षी ती बांधतो, दीड, पाच नाहीतर सात दिवस तिच्याखाली बसून आरत्या म्हणतो, आणि नंतर विसरतो. मला तर वाटतं, गोव्यातल्या लहान मुलांसाठी याहून चांगलं वनस्पतींचं प्रदर्शन नाही. यंदाची उतरली असली तरी तिच्यातलं काही ना काही घरात, परसात पडलेलं असेल. आजीला समोर बसवा. तिला जी नावं माहीत आहेत, ती आईला ठाऊक नसतात, आणि मुलानं तर ऐकलेलीच नसतात. नारळ, सुपारी, तोरिंगण, चिबूड ही ओळखीची मंडळी बाजूला ठेवा. रानातून आणलेल्यांकडे बघा.

माट्टीचं फळ घ्या. देशावर ज्याला ऐन म्हणतात तेच हे झाड, आपल्या गोव्याचा राज्यवृक्ष. त्याच्या फळाला पाच पंख असतात. पंख कशासाठी? हा प्रश्न मुलाला विचारायचा आणि आपण गप्प बसायचं. मग एक वाळलेलं फळ खुर्चीवर उभं राहून सोडायचं, चालू पंख्यासमोर. किती फूट लांब पडलं ते टेपनं मोजायचं. दुसऱ्या फळाचे पंख कात्रीनं कापायचे आणि तेही तसंच सोडायचं. प्रत्येकी पाच वेळा, कारण एकदा पडलेलं फळ काहीच सिद्ध करत नाही. दोन्हींत काय फरक पडला, हे आकड्यांत लिहायचं.

मग घागऱ्या. वाळलेली शेंग कानापाशी हलवली की आत बिया खुळखुळतात. उन्हात ठेवा आणि शेंग केव्हा उकलते त्यावर नजर ठेवा. न सोललेला नारळ बादलीत टाका. तो तरंगतो, कारण त्याच्या काथ्यात हवा भरलेली असते. समुद्रकाठचं झाड आपली पिल्लं पाण्यावरून पाठवतं, डोंगरातलं वाऱ्यावरून. लालभडक कवंडळ कुणाला खुणावत असेल, हे मुलांना ओळखू द्या. फक्त चाखू देऊ नका, ते खाण्याचं फळ नव्हे. रानातलं कुठलंच फळ अभ्यासासाठी तोंडात घालायचं नाही, हा नियम पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.

आता ज्यांचं प्रदर्शन खरोखरच उद्या आहे, त्यांच्यासाठी हळद. हळदीच्या डागावर साबण लावला की तो लाल होतो, हे कपडे धुणाऱ्या प्रत्येकीनं पाहिलंय. पूर्वी कुंकू बनवायचे तेही हळद आणि चुना एकत्र करूनच. कोरा कागद दाट हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवा. साबणाच्या पाण्यात काडी बुडवून त्यावर लिहा, अक्षरं लाल उमटतील. वरून लिंबू फिरवा, पुन्हा पिवळी. चुना मात्र लहान मुलांच्या हाती देऊ नका, डोळ्यात गेला तर इजा होते. सोलांचं, म्हणजे आमसुलांचं, पाणी घरात असेलच, त्यात चिमूटभर खायचा सोडा टाका. फसफस तर होतेच, आणि सोडा वाढवत गेलात की लाल रंग जांभळट, मळकट होऊ लागतो. ज्वालामुखीत होतं तेच, पण इथे मूल विचारतं, रंग का बदलला?

लाजाळूविषयी मला एक कबुली द्यायची आहे. मी वर्गात सांगत असे, पानं मिटली की पाच मिनिटांत उघडतात. एका वर्षी तिसरीतल्या एका मुलानं घरचं घड्याळ घेऊन रस्त्याच्या कडेला बसून मोजलं. कधी ९ मिनिटं, कधी १४, एकदा तर १७. वही माझ्यापुढे धरून म्हणाला, "बाई, तुमचं पाच चुकलं." चुकलंच होतं. मी कधी मोजलंच नव्हतं. पानाच्या देठाच्या बुडाशी एक फुगीर गाठ असते. स्पर्श झाला की तिच्या एका बाजूच्या पेशींतलं पाणी निघून जातं आणि पान खाली पडतं. पाणी परत भरायला वेळ लागतो, म्हणून ही वाट बघणं. जगदीशचंद्र बोस यांनी याच झाडाच्या हालचाली टिपायला खास उपकरणं बनवली होती. आपल्याला घड्याळ पुरे. सकाळी आणि दुपारी वेगळी वेळ लागते का? पुन्हा पुन्हा डिवचलं तर? काटे असतात, एवढं सांभाळा.

पाऊस अजून गेलेला नाही, तर एक सरळ उभ्या बाजूंची बरणी मोकळ्या जागी ठेवा, पागोळ्यांखाली नको. रोज सकाळी साडेआठला पट्टीनं पाण्याची उंची मोजून बरणी रिकामी करा. साडेआठच का? हवामान खातंही चोवीस तासांचा पाऊस त्याच वेळी मोजतं. मग बातम्यांत आकडा लागला की मूल आपला आकडा ताडून बघेल. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. घराच्या छपरावर वर्षाचे सुमारे ३००० मिलिमीटर किती लिटर होतील, हा हिशेब मोठ्या भावंडाकडे द्या.

आणि तक्ता? तो छापील नको, मुलाच्या हातचा हवा. ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं राहू दे, हळदीचा डागही राहू दे. परीक्षक म्हणून सांगते, ज्या वहीत पहिल्या दिवसाचा आकडा खोडून दुसरा लिहिलेला असतो, तिथे मी जास्त वेळ थांबत असे.

ती चिरेवाली मुलगी त्या वर्षी तिसरी आली. ज्वालामुखी पहिला आला, कारण परीक्षक आम्ही तिघे होतो आणि माझं एकटीचं चाललं नाही. पण निकालानंतर ती माझ्यामागे धावत आली आणि विचारलं, "बाई, चिरा प्यायलेलं पाणी पुन्हा उन्हात सगळं सोडतो का?" म्हटलं, वजन करून बघ आणि मला सांग.

तुमच्या घरी आज रात्री चिरा भिजत घालणार असाल, तर आधी कोरडं वजन लिहून ठेवा. बहुतेक जण तेच विसरतात. नमस्कार.