मुका कीबोर्ड आणि एक ओळ

(सांगलीतल्या एका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय 'लिनक्सवरची दुरुस्ती आणि आपला वाटा'. वाट्याकडे मी नक्की येणार आहे. लिनक्स म्हणजे विंडोजसारखीच कॉम्प्युटर चालवणारी, पण सगळ्यांना खुली असलेली प्रणाली. पण आधी दुरुस्ती, आणि दुरुस्तीच्याही आधी मिरज.

मिरजेत तंबोऱ्याची जवारी काढताना, म्हणजे तारांचा नाद खुलवताना, तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. घोडीला, म्हणजे तारा टेकतात त्या हाडाच्या पट्टीला, कानस लावण्याआधी कारागीर चारही तारा छेडतो, तारेखालचं सूत केसभर मागंपुढं सरकवतो आणि कान लावून बसतो. पुन्हा छेडतो, पुन्हा ऐकतो. कानस शेवटी, कारण एकदा घासलेलं हाड परत येत नाही. माझं सगळं म्हणणं या एका कृतीत आहे. कॉम्प्युटर दुरुस्तीत आपण कानस आधी घेतो.

गेल्या दिवाळीत भाचीला नवा लॅपटॉप घेतला. ती अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, कॉलेजात लिनक्सच वापरते. त्याच रात्री तिनं लिनक्स टाकलं आणि अकरा वाजता मला फोन. "मामा, कीबोर्ड मेला. एकही बटण चालत नाहीय." टचपॅड चालत होता, स्क्रीन झकास, आवाज येत होता. वायफायचा पासवर्ड तिनं पडद्यावरच्या कीबोर्डवर एकेक अक्षर टोचून घातला होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही एका दुकानात गेलो. त्यांनी लॅपटॉप चालूही केला नाही. "कीबोर्ड गेलाय, बदलावा लागेल." आता हे लक्षात घ्या, हल्लीच्या पुष्कळ लॅपटॉपमध्ये कीबोर्ड स्क्रूने बसवलेला नसतो, प्लॅस्टिकच्या रिव्हेटांनी वरच्या कव्हरला कायमचा जोडलेला असतो. म्हणजे कीबोर्ड बदलायचा तर वरचं अख्खं कव्हर बदलायचं. एका दिवसाच्या यंत्राचं!

तिथून कंपनीच्या अधिकृत केंद्रात. त्यांनी स्वतःच्या पेनड्राइव्हवरून विंडोज चालू केलं, दोन ओळी टाइप केल्या आणि म्हणाले, "काका, कीबोर्ड एकदम ओके आहे. लिनक्स काढा, विंडोज टाका." पावतीवर लिहिलं, 'ग्राहकाने सॉफ्टवेअर बदलले आहे'. भाचीचा चेहरा उतरला. मला राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा, आणि तो अजून गेलेला नाही. विंडोजमध्ये चालतो आणि लिनक्समध्ये चालत नाही, हा निदानाचा सगळ्यात मोठा धागा त्या माणसाच्या हातात होता. तारा छेडून झाल्या होत्या, नाद ऐकू आला होता, आणि त्यानं कान झाकून घेतले. शिकलेला, हुशार मुलगा होता तो. पुढं 'का?' असं विचारायला त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

घरी येऊन आम्ही तारा छेडत बसलो. लॅपटॉप चालू करताना एफ-दोन दाबून बायोसमध्ये, म्हणजे यंत्राच्या स्वतःच्या सेटिंगच्या पडद्यात, शिरलो. बाण चालले, एंटर चाललं. मग ग्रब, म्हणजे कोणतं लिनक्स चालू करायचं ते विचारणारा पडदा. तिथंही बाण चालले. मग कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, चढला आणि त्या क्षणापासून कीबोर्ड मुका. म्हणजे बटणं शाबूत, आतली पट्टी शाबूत. ग्रबपर्यंत बटणं वाचतं ते यंत्राचं स्वतःचं फर्मवेअर, यंत्रातच भरून दिलेलं सॉफ्टवेअर. पुढं ते काम कर्नलकडे येतं, आणि हातात हात देताना काहीतरी निसटत होतं.

इथं जरा आडवाटेला जातो. एखादंच बटण बिघडतं तेव्हा प्रकार निराळा असतो. माझ्या जुन्या कीबोर्डवर डी बंद पडला होता. इनस्क्रिप्ट या कीबोर्ड मांडणीत मराठी लिहिणाऱ्याला विचारा, डी म्हणजे पाय मोडायचं बटण, हलन्त. ते गेलं की 'महाराष्ट्र'चा 'महाराषटर' होतो, जोडाक्षर म्हणून उरतच नाही. इंग्रजी लिहिणाऱ्याचं एक अक्षर जातं, आपली निम्मी भाषा जाते. तिथं ईव्हीटेस्ट नावाचा छोटा प्रोग्राम चालवायचा आणि बटण दाबायचं. दाबलं की १ उमटतो, सोडलं की ०, धरून ठेवलं की २, २, २. शेजारची बटणं उमटतात आणि डी दाबल्यावर काहीच नाही, तर खुशाल हार्डवेअर म्हणा. १ उमटला पण ० आलाच नाही, तर सुटल्याची खबर वाटेत हरवलीय. मग पडद्यावर काना एकदा दाबावा आणि डझनभर उमटावेत असं होतं.

भाचीच्या लॅपटॉपवर ईव्हीटेस्टमध्ये कीबोर्डचं नाव दिसत होतं, 'एटी ट्रान्सलेटेड सेट टू कीबोर्ड'. या नावात चाळीस वर्षांचा इतिहास आहे. १९८४ साली आयबीएमचा पीसी-एटी आला, त्यात कीबोर्ड सांभाळायला इंटेलची ८०४२ ही चिप होती. ती चिप कधीच गेली, पण आजही बहुतेक लॅपटॉपचा आतला कीबोर्ड तीच भाषा बोलतो आणि लिनक्समधल्या ड्रायव्हरचं, म्हणजे कीबोर्डशी बोलणाऱ्या प्रोग्रामचं, नावही आय-८०४२ आहे. बटण दाबलं की कीबोर्ड एका ठरावीक तारेवरून प्रोसेसरला हाक मारतो. त्या तारेचा नंबर १, अगदी पहिल्या पीसीपासून. कर्नल प्रत्येक हाक मोजतो आणि प्रॉक या फोल्डरमधल्या इंटरप्ट्स, म्हणजे हाका, नावाच्या फाइलमध्ये मांडतो. आम्ही यूएसबीचा बाहेरचा कीबोर्ड लावला, ती फाइल उघडली आणि आतली बटणं बडवली. एक नंबरच्या ओळीतला आकडा जागचा हलेना. हाक मारली जात होती, पोचत नव्हती.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं उरलीत. मग आता भरभर.

डीमेसेज, म्हणजे कर्नलची रोजनिशी, वाचताना भाचीला एक ओळ सापडली: 'एसीपीआय: आयआरक्यू १ ओव्हरराइड टू एज, हाय'. आयआरक्यू १ म्हणजे तीच एक नंबरची तार, आणि ओव्हरराइड म्हणजे तिच्याबाबत यंत्राचं म्हणणं बाजूला सारून कर्नलनं स्वतःचं लावलं. हाकेचा विद्युत्‌संकेत वर उसळतो की खाली पडतो, हे प्रत्येक यंत्र आपल्या एसीपीआय तक्त्यात, म्हणजे फर्मवेअरनं कर्नलला दिलेल्या माहितीत, लिहून देतं. जुन्या यंत्रांचे तक्ते चुकीचे असत, म्हणून अशा जुन्या तारांसाठी कर्नल तक्त्याकडे दुर्लक्ष करून 'वर उसळतो' असंच धरायचा. एएमडी कंपनीच्या रायझन ६००० मालिकेच्या प्रोसेसरचे लॅपटॉप आले, त्यांतल्या अनेकांत संकेत खाली पडत होता आणि तक्त्यात तसं खरंच लिहिलेलं होतं. कर्नल वर बघत राहिला. २०२२ मध्ये त्यावर पहिला सरसकट नियम आला, त्यानं दुसऱ्या काही यंत्रांचं बिघडलं, म्हणून पुढच्या वर्षी तो काढला. राहिली एक यादी. कर्नलच्या रिसोर्स डॉट सी या फाइलमध्ये मदरबोर्डांची नावं आहेत: या यंत्राच्या तक्त्यावर विश्वास ठेवा.

आमच्या लॅपटॉपचं भावंड त्या यादीत होतं, आमचा नव्हता. भाचीनं डीएमआयडीकोड या प्रोग्रामनं बोर्डचं नाव काढलं, यादीत भावंडाखाली आपली नोंद घातली आणि कर्नल बांधायला, म्हणजे बदलासकट नव्यानं तयार करायला, लावला. पहाटे दोन वाजता तिनं स्वतःच्या बोटांनी 'सांगली' लिहिलं. स, काना, अनुस्वार, ग, ल, वेलांटी. सहा बटणं, सहाही उमटली. मी बाहेरचा कीबोर्ड काढून पिशवीत ठेवला, माझे हात थरथरत होते.

आता तो वाटा. यादीतली नोंद आपोआप येत नाही. कुणीतरी यंत्राचा मालक बोर्डचं नाव, डीमेसेज आणि एसीपीआयचा तक्ता जोडून कर्नलच्या बगझिलावर, म्हणजे चुका नोंदवायच्या साइटवर, किंवा एसीपीआयच्या मेलिंग लिस्टवर लिहितो, तेव्हा ती येते. भाचीनं लिहिलं. काही आठवड्यांनी तिची नोंद कर्नलमध्ये गेली, तिथून नेहमीच्या अपडेटमधून सगळ्यांकडे. ते मॉडेल आज कुणी इस्लामपुरात घेवो की पोलंडमध्ये, कीबोर्ड पहिल्या दिवशी बोलतो. आपल्याकडे विकली जाणारी मॉडेलं आपणच तपासून कळवायला हवीत, कारण ती आपल्या टेबलावर आहेत. इंग्रजी साधं चालतं. तक्ते अचूक हवेत.

क्रम तेवढा लिहून घ्या. आधी बायोस आणि ग्रबमध्ये बटणं बघा. मग सगळ्यात नव्या कर्नलचा लाइव्ह पेनड्राइव्ह, म्हणजे यंत्रात न टाकताच लिनक्स चालवणारा, लावून बघा, बऱ्याचदा उत्तर तिथंच असतं. मग ईव्हीटेस्ट, मग इंटरप्ट्सचा आकडा, मग डीमेसेज. ग्रबमधल्या बूटच्या ओळीत, म्हणजे कर्नलला सुरुवातीला सूचना द्यायच्या ओळीत, आय-८०४२ डॉट रीसेट किंवा आय-८०४२ डॉट नोमक्स घालून एकेकदा तपासा, दोन्ही एकदम नको, नाहीतर कशानं चाललं ते कळणार नाही. यादीतल्या भानगडीवर या दोन्हींचा उपयोग होत नाही, पण इतर काही बिघाडांवर होतो. आणि पहिल्याच दिवशी बोर्डचं नाव वहीत उतरवून ठेवा.

शेवटच्या रांगेत दोघांनी लॅपटॉप आणलेत असं कळलं. टेबलापाशी या, यूएसबीचा कीबोर्ड माझ्या पिशवीत आहे.