फाळणी दाखवायला नाटकाच्या तालमी पुरतात : ऋत्विक घटकचा 'कोमल गांधार'

नमस्कार मंडळी. आज बंगाली सिनेमाचा डायरेक्टर ऋत्विक घटक. आता घटक म्हटलं की सगळे 'मेघे ढाका तारा'वर बोलतात, बरोबरच आहे, पण मला त्याच्या पुढच्या वर्षी आलेला, १९६१ चा 'कोमल गांधार' जास्त आवडतो आणि हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना भांडायचंय ते आत्तापासूनच कमेंट टाइप करायला मोकळे.

फाळणीवरचा पिक्चर म्हटलं की प्रेतांनी भरलेली ट्रेन, पेटलेली गावं, तलवारी हे सगळं आपण धरूनच चालतो ना. यात तसं काही नाही. यात आहेत नाटकाच्या तालमी, चहा, रुसवेफुगवे, दौरे, कोण कोणाशी बोलत नाही, कोणाला रोल मिळाला नाही. आणि घटक म्हणतो की ही भांडणं आणि ती फाळणी, दोन्ही एकच दुखणं आहे. ऐकायला फार मोठी उडी वाटते, मलाही पहिल्यांदा वाटली होती.

स्टोरी थोडक्यात. कलकत्ता, पन्नासचं दशक. भृगू हा एका ग्रुपचा डायरेक्टर, हट्टी, तोंडाने फटकळ, पूर्व बंगालमधून आलेला. समोर दुसरा ग्रुप, तिथे चालतं शांताचं, आणि या दोघांचं अजिबात पटत नाही. अनसूया शांताची भाची, म्हणजे समोरच्या पार्टीतली, पण तिला भृगूचं काम आवडतं, मग ती इकडे यायला लागते, आणि पुढे दोन्ही ग्रुप मिळून 'शाकुंतल' करायचं ठरतं. ते कसं बोंबलतं आणि कोण बोंबलवतं ते मी सांगणार नाही.

आता हे इतकं खरं का वाटतं, तर घटक हे सगळं स्वतः जगलेला माणूस. तो इप्टातला, म्हणजे इंडियन पीपल्स थिएटर असोसिएशन, आपल्या मुंबईतच १९४३ ला सुरू झालेली डाव्या नाटकवाल्यांची संघटना, आपल्याकडचे अण्णा भाऊ साठे, अमर शेख याच चळवळीतले. बंगालमध्ये त्याच वर्षी भयंकर दुष्काळ पडला, त्यावर बिजन भट्टाचार्यांनी 'नबान्न' लिहिलं, ते १९४४ ला स्टेजवर आलं आणि बंगाली रंगभूमीचा चेहराच बदलला. पण पुढच्या दहा वर्षांत तीच माणसं फुटली, पक्षाची लाइन काय, कलेची लाइन काय यावरून. नाटकवाले शंभू मित्र बाहेर पडले आणि त्यांनी 'बहुरूपी' हा स्वतःचा ग्रुप काढला, घटकला १९५५ मध्ये कम्युनिस्ट पक्षानेच काढून टाकलं. आणि गंमत बघा, या पिक्चरमध्ये ग्रुपमधला जो वयस्कर नट आहे ना, गगन, तो रोल केलाय कोणी, तर खुद्द बिजन भट्टाचार्यांनी. म्हणजे ज्यांची चळवळ फुटली तेच फुटीच्या गोष्टीत काम करतायत.

आपल्याकडच्या नाटकवाल्यांना तर हे अजिबात परकं वाटणार नाही. 'रंगायन' फुटली आणि 'आविष्कार' झाली, 'घाशीराम'वरून पुण्याच्या पीडीए म्हणजे प्रोग्रेसिव्ह ड्रामॅटिक असोसिएशनमधली मंडळी बाहेर पडली आणि थिएटर अकॅडमी झाली. अशा वेळी प्रत्येकाला वाटत असतं आपण तत्त्वासाठी भांडतोय, आणि अर्ध्या वेळा ते खरंही असतं!

आता तो 'शाकुंतल'चा भाग, कारण माझ्या मते पिक्चरची किल्ली तिथे आहे. अनसूयाला शकुंतला करायचीय आणि जमत नाहीये. तिला कळत नाही, आश्रम सोडताना एवढं रडायचं कशाला, नवऱ्याकडेच चाललीय ना ती. भृगू तिला सांगतो, समज हे कलकत्ताच तुझं तपोवन आहे. रस्त्यावरून जो मोर्चा चाललाय ती तुझी वनज्योत्स्ना, तुझी लाडकी वेल, आणि एखादी भिकारी पोर तुझ्याकडे पैसे मागायला आली तर तेच तुझं आई नसलेलं हरणाचं पिल्लू. चौथा अंक ज्यांना माहितीय त्यांना आठवेल, शकुंतला निघते तेव्हा ते पाडस मागून तिचा पदर ओढतं. आणि नंतर खरंच रस्त्यावरचं एक पोर अनसूयाला असं मागून धरतं, आणि तिला एका क्षणात ती शकुंतला कळते. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या १८८० च्या 'शाकुंतल'पासून आपलं संगीत नाटक उभं राहिलं, किती पिढ्यांनी तो अंक बघितलाय, पण त्यात निर्वासितांचा प्रश्न आहे हे मला तरी या बंगाली पिक्चरने दाखवलं.

शिवाय अनसूयालाही सोडून जायचंच आहे. तिचं लग्न ठरलंय समरशी, तो फ्रान्समध्ये, तिथे बोलावतोय. तिची आई पूर्व बंगालमधल्या नोआखलीच्या दंगलीत गेलेली, मागे राहिलीय आईची डायरी. म्हणजे एकदा घर सुटलेलं आहेच, आता दुसऱ्यांदा स्वतःहून सुटायचं का, हा तिचा प्रश्न. म्हणून भृगूबरोबरचं प्रेमही सरळ नाही, दोघंही सतत कामाचं बोलतायत आणि मधेच गप्प होतायत. अनसूया करणाऱ्या सुप्रिया चौधरीचा चेहरा या गप्प जागांमध्ये बघा, बाकी काही नाही बघितलं तरी चालेल.

आणि आता तो सीन. ग्रुप दौऱ्यावर लालगोल्याला जातो, मुर्शिदाबाद जिल्ह्यात, पद्मा नदीच्या काठावर. पलीकडे पूर्व पाकिस्तान, आजचा बांगलादेश, राजशाहीचा भाग. घटक स्वतः राजशाही कॉलेजला शिकलेला, तेव्हा हा किनारा त्याने लोकेशन म्हणून नकाशात शोधला नसणार. पूर्वी कलकत्त्याहून गाडी इथपर्यंत यायची, इथे उतरून पलीकडे जाणारी बोट पकडायची. भृगू म्हणतो की हे रूळ तेव्हा अधिकचं चिन्ह होते, आता वजाबाकीचं झालेत. पलीकडे त्याचं घर, दिसतंय, पण जाता येणार नाही. मग कॅमेरा त्या रुळांवरून पळायला लागतो, वेग वाढत जातो, मागे माझींची, म्हणजे नावाड्यांची, 'दोहाई आली' अशी आळवणी चढत जाते, चढत जाते, आणि रूळ जिथे संपतात तिथल्या आडव्या बफरवर जाऊन धाडकन आदळतो. स्क्रीन काळी. एक माणूस मेलेला दाखवला नाही, तरी फाळणी म्हणजे काय ते पोटात कळतं. हेडफोन लावून बघा, मोबाइलच्या स्पीकरवर हा सीन अर्धा मरतो.

आवाजाचं निघालंच आहे तर, संगीत ज्योतिरिंद्र मोइत्रांचं, तेही इप्टावालेच. पिक्चरभर मधूनमधून पूर्व बंगालची लग्नाची गाणी येत राहतात, लग्न कुठेच चालू नसताना. पहिल्यांदा मी म्हटलं हे काय चाललंय, कोणाचं लग्न? तर दोन बंगालचं. घटकनेच म्हटलंय की त्याला दोन बंगाल पुन्हा एक व्हायला हवे होते आणि म्हणून ही गाणी. आणि 'आकाशभरा सूर्यतारा' हे रवींद्रसंगीत, देवव्रत विश्वासांच्या आवाजात, त्यासाठी वेगळा व्हिडिओ लागेल.

दोष? आहेत की. मेलोड्रामा भरपूर, काही साइड कॅरेक्टर नुसती ओरडतात, मधे एक वीस मिनिटं कोण कोणावर का चिडलंय तेच कळेनासं होतं. तेव्हाही पब्लिकने नाकारला, जुन्या डाव्या मित्रांपैकी बऱ्याच जणांना तो झोंबला, आणि घटक त्यातून फार खचला. पुढे १९६५-६६ च्या सुमारास पुण्यात एफटीआयआयला, म्हणजे फिल्म इन्स्टिट्यूटला, व्हाइस प्रिन्सिपल म्हणून आला, पुढे डायरेक्टर झालेले मणी कौल, कुमार शहानी त्याचे विद्यार्थी.

बघायचा क्रम विचाराल तर 'मेघे ढाका तारा', मग हा, आणि त्याचाच 'सुवर्णरेखा' सगळ्यात शेवटी. तिन्हीत फक्त यातच घटक दोन माणसांना एकत्र येऊ देतो. 'सुवर्णरेखा'त कोणालाच सोडत नाही, त्यावर पुढच्या व्हिडिओत बोलू.