आभाळाखालचं ‘सौभद्र’

(बेळगावातील एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचं संपादित रूप)

नमस्कार. कार्यक्रमपत्रिकेवर माझ्या नावापुढं ‘महोत्सवातील अनुभव’ असं छापलंय. अनुभव सांगेन, पण थोडेच. खानापूर तालुक्यातल्या एका गावानं यंदाच्या थंडीत देवळापुढच्या पटांगणावर संगीत नाटकांचा महोत्सव सुरू केला. तिकीट नाही. पुढं सतरंज्या, मागं खुर्च्या, त्यांच्या मागं ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या. ट्रॉल्यांत बसलेली मंडळी सगळ्यांत मजेत होती. निमंत्रणपत्रिकेत ‘अभिनव उपक्रम’ असे शब्द होते, ते वाचून मला हसू आलं. आपल्या पट्ट्यात उघड्यावरचं संगीत नाटक कधीपासून अभिनव झालं? नाटक छपराखाली गेलं, ती नवलाई होती.

१८४३ साली सांगलीला विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं, ते राजेसाहेब चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानं, हे आपण शाळेत पाठ केलंय. त्याआधी कारवारकडच्या कर्कीची भागवत मंडळी सांगलीला येऊन खेळ करून गेली होती, तो खेळ पाहून राजेसाहेबांनी भाव्यांना आज्ञा केली. म्हणजे सुरुवातच मुळी यक्षगानाच्या, त्या कानडी नाच-गाण्याच्या लोकनाट्याच्या, अंगानं. आणि त्याच १८४३ साली सौंदत्तीजवळच्या गुर्लहोसूरला बळवंत पांडुरंग किर्लोस्करांचा, आपल्या अण्णासाहेबांचा जन्म. हा माणूस कानडी मुलखात वाढला, बेळगावात सरकारी नोकरी केली आणि ‘शाकुंतल’-‘सौभद्रा’तल्या कितीतरी पदांच्या चाली त्यानं सरळ कानडी पदांवरून उचलल्या. लपवाछपवी काही नव्हती. कीर्तनातली साकी-दिंडी, लावणी आणि कानडी चाल एकाच नाटकात सुखानं नांदत होत्या. ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात ‘शाकुंतल’चे पहिले चार अंक झाले, १८ नोव्हेंबर १८८२ ला ‘सौभद्र’ आलं. पुढचं सगळं आपल्याला माहीत आहे, ते मी उगाळत बसत नाही.

मला थांबायचंय ते किर्लोस्करांनी केलेल्या एका बदलापाशी. भाव्यांच्या नाटकात गाणारा सूत्रधार. तो आणि त्याचे साथीदार बाजूला उभे राहून सगळ्यांची पदं म्हणायचे. सीता रडायची, पण तिचं रडणं सूत्रधार गायचा. किर्लोस्करांनी पद ज्याचं त्याच्या तोंडी दिलं. सुभद्रेचं दुःख आता सुभद्राच गाऊ लागली, आणि पहिल्या ‘सौभद्रा’त ती सुभद्रा होते भाऊराव कोल्हटकर. गळा आणि चेहरा एकाच माणसाचा. मराठी संगीत नाटक म्हणजे काय, असं मला कुणी विचारलं तर मी एवढंच सांगतो.

आता त्या पटांगणात या. पहिल्या रात्री ‘सौभद्र’च होतं. स्टेज मैदानाच्या उघड्या टोकाला, मागं नुसता कापडी पडदा, दोन्ही बाजूंना माणसाच्या उंचीचे स्पीकरचे बॉक्स, आणि मागच्यांसाठी अर्ध्या मैदानात आणखी दोन. नटांच्या गळ्यापाशी कॉलर माईक. सुभद्रा करणारी मुलगी गुणी होती, आवाज मोकळा, शब्द स्वच्छ. पण माझ्या शेजारच्या आजी दोन पदं झाल्यावर नातवाला म्हणाल्या, “आवाज येतोय की रे, पण कोण गायलालंय ते कळंना झालंय.”

मित्रहो, या आजींनी महोत्सवाचं परीक्षण एका वाक्यात करून टाकलं. सुभद्रा मधोमध, तिचा आवाज डावीकडच्या बॉक्समधून. १८८० साली जे मिळवलं ते आपण गमावलं. पुन्हा एक सूत्रधार बाजूला उभा राहून सगळ्यांचं गातोय, फक्त तो काळ्या रंगाचा आहे आणि विजेवर चालतो.

हे का होतं, ते जरा समजून घेऊ. बंद नाट्यगृहात भिंती आणि छत आवाज परत पाठवतात, म्हणून शेवटच्या रांगेतही गाणं भरलेलं वाटतं. उघड्यावर परत पाठवणारं कुणी नाही. अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलनं उतरतो. म्हणून साउंडवाला आवाज चढवतो आणि मैदानाच्या मध्यावर जादा बॉक्स ठेवतो. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. स्टेजवरचा बॉक्स मधल्या बॉक्सच्या ३४ मीटर पुढं असेल, तर मागं बसलेल्याला तीच तान दोनदा ऐकू येते, एक-दशांश सेकंदाच्या फरकानं. द्रुत लयीत तबल्याचे बोल एकमेकांत शिरतात. यावर उपाय आहे, मधल्या बॉक्सचा आवाज तेवढाच उशिरा सोडता येतो. तो कुणी केलेला नव्हता. साउंडवाल्याला मी दोष देत नाही, लग्नाच्या वरातीत त्याला असं कुणी कधी सांगितलेलंच नसतं.

आणि एक. रात्री जमीन लवकर गार होते, वरची हवा तिच्यापेक्षा उबदार राहते आणि आवाज खाली वाकतो. पलीकडच्या गावातलं भजन रात्री आपल्या अंथरुणापर्यंत येतं ते त्यामुळं. म्हणजे थंडीच्या रात्री निसर्ग स्वतःहून गायकाला मदत करत असतो, आणि आपण त्याच वेळी आवाज वाढवून ठेवतो. दव मात्र कुणाचं मित्र नाही. तबल्याची पुडी, म्हणजे वरचं चामडं, सर्द होऊन उतरते. बिचारा तबलजी प्रत्येक प्रवेशाआड हातोडी घेऊन बसलेला. पायपेटी आपल्या पट्टीत ठाम, त्यामुळं उतरलेला तबला आणखीच उघडा पडतो. दिव्यावरचे किडे हा वेगळाच विषय. नारदानं आ केला की माझ्या पोटात गोळा यायचा.

दुसऱ्या रात्री गोकाककडची मंडळी कृष्णपारिजात हे कानडी लोकनाट्य घेऊन आली होती. पारिजात आपल्याच जिल्ह्याचं. कुलगोडच्या तम्मण्णांचं नाव त्याच्याशी कायमचं जोडलं गेलंय, आणि कौजलगी निंगम्मांचं नाव निघालं की माणसं अजून हात जोडतात. या मंडळींनी स्टेज पाहिलं, आपसात काही बोलले आणि खाली उतरून सरळ देवळाच्या दगडी भिंतीला पाठ करून उभे राहिले. संयोजकांची धांदल उडाली. सतरंज्या फिरवल्या, लोक तिन्ही बाजूंनी बसले. दोनच माईक, भागवताच्या, म्हणजे कथा चालवणाऱ्या गायकाच्या, पुढ्यात. बाकी सगळं गळ्यावर.

काय फरक पडला म्हणून सांगू! पाठीमागची भिंत आवाज पुढं ढकलत होती. भागवत ओळ म्हणतो, पात्र ती उचलतं, मागचा मेळ शेवट धरतो. पहिल्यांदा शब्द वाऱ्यानं नेला तर दुसऱ्यांदा हाती लागतो. ही पुनरुक्ती आपण शहरी मंडळी कंटाळवाणी म्हणतो, पण ती आहे उघड्या रानातल्या अनुभवातून आलेली. आणि मधल्या जागेत दूती भागवताशी जी हुज्जत घालते, ती इतकी मोठ्यानं आणि इतकी तुटक की ट्रॉलीतला माणूसही उत्तर देत होता. सत्यभामेचा रुसवा आणि ‘सौभद्रा’तलं कृष्णाच्या घरातलं राजकारण, दोन्ही देवाघरची भांडणं. पुढं बसलेल्या निम्म्या लोकांना कानडी कळत होतं, उरलेल्यांना भांडण कळत होतं.

आणि ही देवघेव एका बाजूची नाही. आपल्या कंपन्या धारवाड-गदगकडं इतक्या फिरल्या, की १८७० च्या दशकात गदगला शांतकवींनी ईर्ष्येनं कानडी नाटकमंडळी उभी केली. केशवराव भोसल्यांनी ‘ललितकलादर्श’ ही मराठी नाटक कंपनी काढली ती १९०८ साली, हुबळीत. सौंदत्ती तालुक्यातले एणगी बाळप्पा शंभरी ओलांडून २०१८ साली गेले, त्यांच्या कानडी कंपनी नाटकांचा थाट पाहिलेल्याला गंधर्व आणि ललितकलादर्श मंडळींची आठवण झाल्याशिवाय राहत नसे. कोण कुणाचं ऋणी, याचा हिशेब करायला बसलो तर रात्र पुरायची नाही.

रात्रीवरून आठवलं. ‘सौभद्रा’त कृष्ण रुक्मिणीला रात्र सरून उषःकाल होतोय असं गातो. पूर्वी प्रयोग पहाटेपर्यंत चालत, तेव्हा हे पद आणि आभाळ यांची गाठ पडणं अशक्य नव्हतं. परवा हे पद झालं तेव्हा रात्रीचे सव्वानऊ वाजले होते आणि चुरमुऱ्याची गाडी जोरात होती. कारण दहाला बंद करायचं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणं रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकरच काय, वाद्यसुद्धा वाजवता येत नाही. नियम योग्य आहे, माझ्या घराशेजारी मंगल कार्यालय आहे, मी त्याविरुद्ध बोलणार नाही. पण त्याच नियमात सोय आहे: सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवासाठी राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं. ती यंदा कुणी मागितली नव्हती. घाईनं ‘सौभद्रा’ची पदं कापली आणि गंमत अशी, की कापली ती नेमकी कानडी वळणाची.

गावकऱ्यांना मी पत्र लिहिलंय. स्टेज भिंतीकडं हलवा, मधले दोन बॉक्स काढा, लोकांना जवळ बसवा, माईक कमी करा, नटांना महिनाभर आधी त्याच पटांगणात संध्याकाळी उभं करून गाऊन घ्या आणि सूट मागायचा अर्ज गणपतीच्या आतच द्या. पारिजातवाल्यांना पाहुणे म्हणून बोलावू नका, तालमीला बोलावा. उत्तर आलंय, भिंतीचं त्यांना पटलंय, बॉक्सवाल्याचं भाडं आगाऊ दिलंय म्हणून तो मुद्दा बाकी आहे.

आता प्रश्न विचारा. फक्त मैदानावरचा फलक कुठल्या भाषेत होता, तेवढं विचारू नका.