मोनिक बेजँ आणि कॅनडाचा आरोग्य कायदा

कॅनडाच्या राज्यघटनेप्रमाणे आरोग्य हा मुख्यतः प्रांतांचा विषय. रुग्णालयं प्रांतांच्या अखत्यारीत, डॉक्टरांचे दरही प्रांतच ठरवतात. केंद्राच्या आरोग्यमंत्र्याच्या हातात खरं तर एकच हत्यार: अनुदान. आरोग्यमंत्री मोनिक बेजँ यांनी १९८४ च्या कॅनडा आरोग्य कायद्यातून ते कसं वापरलं, ते आज पाहू.

बेजँ मूळच्या समाजशास्त्रज्ञ. स्त्रियांच्या स्थितीचा अभ्यास करणाऱ्या शाही आयोगाच्या त्या कार्यकारी सचिव होत्या. १९७२ साली माँट्रिऑलमधून लिबरल पक्षातर्फे निवडून आल्या. क्वेबेकमधून संघीय संसदेत पोहोचलेल्या पहिल्या तीन स्त्रियांपैकी त्या एक. १९७६ मध्ये महसूल खातं मिळालं आणि १९७७ मध्ये आरोग्य व समाजकल्याण. मधले काही महिने पक्ष विरोधात होता, ते सोडले तर १९८४ पर्यंत हे खातं त्यांच्याकडेच राहिलं.

आता मूळ दुखणं. १९५७ आणि १९६६ च्या कायद्यांनुसार प्रांतांच्या सरकारी आरोग्य विम्याच्या खर्चाचा साधारण निम्मा वाटा केंद्र उचलत असे. १९७७ मध्ये ही पद्धत मोडून ठोक अनुदान सुरू झालं. प्रांताचा खर्च आणि केंद्राचा पैसा यांचा थेट संबंध तुटला. त्याच काळात काही डॉक्टर ठरलेल्या दरावर रुग्णाकडून जादा पैसे घेऊ लागले होते, काही रुग्णालयं रोजचं शुल्क आकारत होती. जुन्या कायद्यात शिक्षा होती, पण ती संपूर्ण अनुदान रोखण्याची. एवढी जबर शिक्षा कोणताही मंत्री करू धजत नाही, आणि हे प्रांतांनाही पक्कं ठाऊक होतं.

बेजँ यांच्या कायद्याचं मर्म इथे आहे. रुग्णांकडून जितके जादा डॉलर घेतले जातील, नेमके तितकेच अनुदानातून कापायचे. ही कपात मंत्र्याच्या मर्जीवर ठेवलीच नाही, ती बंधनकारक केली. वर एक सवलत: तीन वर्षांत प्रांताने ही वसुली बंद केली, तर कापलेली रक्कम परत. शिक्षा बेताची, अटळ आणि मागे घेता येणारी, म्हणूनच ती लागू पडली असं मला वाटतं.

एप्रिल १९८४ मध्ये संसदेच्या कनिष्ठ, म्हणजे कॉमन्स सभागृहाने हे विधेयक एकमताने मंजूर केलं. निवडणूक तोंडावर होती. लोकप्रिय विम्याच्या विरोधात मत द्यायला कोणी तयार नव्हतं. अंमलबजावणी मात्र सोपी गेली नाही. ऑन्टारियो प्रांतात १९८६ मध्ये जादा वसुलीवरच्या बंदीविरुद्ध डॉक्टरांचा संप २५ दिवस चालला. तरीही १९८७ पर्यंत सगळ्या प्रांतांनी वसुली थांबवली आणि सुमारे २४ कोटी ५० लाख डॉलर त्यांना परत मिळाले.

कायद्याची उणी बाजूही सांगायला हवी. रुग्णालयाबाहेरची औषधं आणि बहुतेक दंतोपचार त्यात आले नाहीत. सार्वजनिक व्यवस्थापन, सर्वसमावेशक सेवा, सर्वांना संरक्षण, प्रांत बदलला तरी विमा चालू राहणं आणि सेवा सहज मिळणं, या पाच अटी घातल्या. पण त्या मोडल्या तर आधी प्रांताशी सल्लामसलत आणि मग मंत्रिमंडळाचा निर्णय, अशी लांबलचक वाट ठेवली. जादा वसुलीवरची आपोआप होणारी कपात पुन्हा पुन्हा झाली, पण या पाच अटींसाठीचा ऐच्छिक दंड एकाही सरकारने लावलेला नाही.